घुमटवादन समोर बसून ऐकायचंय? कुठे, कधी आणि नेमकं काय ऐकायचं

मांडवीकाठ (धागाकर्ता)

सरकारने २०१९ साली घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. तरी आजही कार्यक्रमपत्रिका उघडली की गायकाचं नाव मोठ्या अक्षरांत, हार्मोनियमवाल्याचं त्याखाली, आणि घुमटवाले ‘व साथी’ या दोन शब्दांत. ज्यांच्यामुळे आरती उभी राहते त्यांना नाव नाही. म्हणून हा धागा. मुंबई-पुण्याहून चवथीला (गणेश चतुर्थीला) किंवा शिगम्याला (फाल्गुनातल्या होळीच्या सणाला) येणारे पुष्कळ जण विचारतात की घुमट ‘खरं’ कुठे ऐकायला मिळेल. माहीतगारांनी भर घालावी.

आधी वाद्यमेळ. एका आरतीला किमान दोन घुमटं, एक शामेळ आणि कासाळ्यांची एक जोडी. घुमट म्हणजे मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर चामडं, दुसरं तोंड लहान आणि उघडं. शामेळ लाकडी, दोन काठ्यांनी वाजतं आणि ठेक्याची लगाम बहुतेक त्याच्याच हातात असते. कासाळें म्हणजे काशाच्या जाड झांजा, नेहमीच्या झांजांपेक्षा वजनदार. गावडा समाजात याशिवाय म्हादळें दिसेल: लांबट, मातीचं, दोन्ही तोंडं मढवलेली, दोन्ही हातांनी वाजणारं.

आता मुख्य मुद्दा. नवा श्रोता वादकाच्या उजव्या हाताकडे बघतो, कारण थाप तिथे पडते. बघायचा असतो डावा हात. चामड्यावर थाप पडली की आतली हवा लहान तोंडातून बाहेर ढकलली जाते. डावा तळवा बाजूला असेल तर घुमारा मोकळा येतो. तळवा तोंडावर आणत आणत थोडी फट ठेवली तर तोच घुमारा खाली घसरतो. पूर्ण बंद केलं तर आवाज जागच्या जागी तुटतो. ही उघडझाप उजव्या हाताच्या थापेच्या नेमकी किती मागे किंवा पुढे होते, त्यावर वादकाची पारख होते. थाप पडल्यानंतर तळवा सरकला तर सूर वाकतो. थापेबरोबरच सरकला तर नुसतेच दोन वेगळे सूर ऐकू येतात, वळण नाही. चांगल्या वादकाचं वळण संथ लयीत स्पष्ट कळतं, पुढे दुगण (दुप्पट लय) लागली की कान तयार नसेल तर निसटतं. म्हणून आरतीची पहिली दोन कडवी चुकवू नका. उशिरा पोचलात तर फक्त वेग ऐकून परताल.

बसायची जागा: वादक तुमच्याकडे तोंड करून असेल तर तुमच्या उजव्या अंगाला, दोन-तीन मीटरवर. डावा हात आणि लहान तोंड तिथून दिसतं. कासाळेंवाल्याच्या समोर बसू नका. काशाचा आवाज इतका तीक्ष्ण असतो की पाच मिनिटांत कान बधिर होतो आणि घुमटाची बोटं ऐकूच येत नाहीत. डावखुऱ्या वादकाचं सगळं उलट, हे वेगळं सांगायला नको.

---

सह्याद्रीचा_पाऊस

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. आम्ही पुण्याहून येणार आहोत, एकदाच जमेल. चवथीला यावं की शिगम्याला? आणि ओळखपाळख नसताना कुणाच्या घरी आरतीला जाणं बरं दिसतं का?

---

मांडवीकाठ

दोन्हींत वाद्यं तीच, ऐकणं वेगळं.

चवथीत आरती गायली जाते, आणि शब्द बहुतेक मराठीच. संतांच्या आणि परंपरेतल्या ज्या आरत्या तुम्ही घरी दोन मिनिटांत म्हणता, त्याच इथे प्रत्येक ओळ फिरवत, पुन्हा पुन्हा घोळवत पुष्कळ वेळ चालतात. एक जण ओळ धरतो, बाकीचे उचलतात, मधल्या जागेत वाद्यं बोलतात. शब्द पाठ असल्यामुळे तुमचं लक्ष थेट तालावर जाऊ शकतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला हा फार मोठा फायदा आहे. खोली लहान, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) सगळे दाटीने उभे, ध्वनिक्षेपक नाही. घुमट असंच ऐकावं.

पण दिवस जपून निवडा. गोव्यात पुष्कळ घरांत गणपती दीड दिवसाचा असतो. म्हणजे पहिल्या संध्याकाळी आणि रात्री सगळ्या वाड्यांत एकाच वेळी आरत्या चालू, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर विसर्जनाची धांदल. तिसऱ्या दिवशी पोचलात तर पाच, सात किंवा नऊ दिवसांची घरं आणि सार्वजनिक गणपती शोधावे लागतील. सार्वजनिक मंडपात बहुतेक ठिकाणी माईक असतो.

घरी जाण्याबद्दल: चवथीत दर्शनाला आलेल्या माणसाला कुणी दारातून परत पाठवत नाही. तरी ज्या घरी उतरलात त्यांना किंवा गावातल्या एखाद्या ओळखीच्याला बरोबर घेऊन जा. फुलं, नारळ किंवा थोडी फळं न्या. आरती ही पूजा आहे, त्यामुळे कडव्यांच्या मध्ये टाळ्या नकोत. शेवटच्या गजरापर्यंत थांबा, प्रसाद घ्या, मग वादकांशी बोला. तेव्हा ते मोकळेपणाने बोलतात, वाद्य हातात देऊनही दाखवतात.

शिगम्यात सुवारी, म्हणजे घुमटमेळाचं सलग वादन, ऐका. त्यात नमन, खाणपदं, फाग ही गाणी आणि त्यांच्यामध्ये नुसत्या वाद्यांचे लांब पल्ले. क्रम गावागणिक बदलतो. देवळाच्या चौकात किंवा मांडावर (गावकरी शिगम्याला जमतात त्या ठरलेल्या जागी) एकाच वेळी बरीच घुमटं, सगळ्यांच्या थापा एका ठिकाणी पडल्या की पायांखालची जमीन हलते. तालावरची हुकूमत तिथे कळते. एकट्या वादकाची नजाकत चवथीत.

---

डिचोलीकार

शिगम्याच्या तारखांबद्दल एक धोक्याची सूचना. शहरांतल्या चित्ररथांच्या मिरवणुका बघायला येता आणि तिथे घुमट शोधता, तर निराश व्हाल. मिरवणुकीत रोमटामेळ असतो: ढोल, ताशे, कासाळें. ते आपल्या जागी जोरदार आहे, पण घुमट त्यात बुडून जातं, असलं तरी ऐकू येत नाही. सुवारी गावच्या देवळात, मांडावर. फाल्गुन पौर्णिमेच्या आधीचा धाकटो शिगमो, पौर्णिमेपासूनचा व्हडलो. कोणत्या गावात कोणता आणि कोणत्या रात्री, हे तालुक्या-तालुक्यात वेगळं. फोंडा किंवा डिचोली तालुक्यात उतरून देवस्थानात चौकशी केलीत की पक्का दिवस कळतो. रात्र बरीच चढल्यावर रंग येतो, जेवून जा.

नाताळच्या सुमारास गोव्यात असाल तर शिवोली गावचा जागर, म्हणजे रात्री चालणारं लोकनाट्य. नाताळनंतरचा पहिला सोमवार. हिंदू आणि ख्रिस्ती दोघं मिळून करतात, घुमट तिथेही आहे.

---

कातळशिल्प

सुवारीत नवख्याने काय मोजावं? मला ठेका सुरुवातीला सापडतो आणि मग हरवतो.

---

थाप_आणि_घुमार

कासाळें धरा. घुमटं भरणी करत असतात, शामेळ पुढे-मागे खेळतं, पण कासाळ्यांचा आघात बहुतेक ठिकाणी सरळ आणि ठराविक जागी पडतो. त्यावर हाताने टाळी धरा आणि सोडू नका. लय दुप्पट झाली की आघातही दाट होतात. तिथेच माणसं हरवतात, कारण ते घुमटाचा पाठलाग करायला जातात. टाळी जुन्याच अंतरावर चालू ठेवलीत तर तुमच्या एका टाळीत आता दोन आघात बसतील आणि जागा परत सापडेल.

दुसरी खूण शामेळ. आवर्तन संपवून नवीन भाग घ्यायचा असला की शामेळवाला काठ्या एकदम दाट करतो आणि बहुतेक वेळा मान वर करून घुमटवाल्यांकडे बघतो. पुढचा आघात सगळे मिळून. ही नजरानजर बघण्यासाठी शामेळ आणि किमान एक घुमट एकाच नजरेत येईल असं बसा. शामेळवाला चुकला तर अख्खा मेळ चुकतो. घुमटवाल्यांपैकी एक चुकला तर बाकीचे सावरून घेतात. म्हणून शामेळ मंडळातल्या जुन्या माणसाच्या हाती असतं.

---

सह्याद्रीचा_पाऊस

हे फार उपयोगाचं. आणखी एक: मागच्या वर्षीच्या काही व्हिडिओंत आरतीच्या आधी वादक घुमट बल्बजवळ धरून बसलेले दिसतात. तो विधी आहे का?

---

मातीचो_गोळो

विधी नाही, गरज आहे. आणि इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हे समजलं की ऐकताना पुष्कळ गोष्टी उलगडतात.

तबल्याला वादी आणि गट्टे असतात, ढोलकीला दोरी-कड्या असतात. घुमटाला ताण वाढवायची काहीच सोय नाही. केस काढून भिजवलेलं चामडं तोंडावर ओढून काठाच्या खाली दोरीने गच्च बांधतात, ते वाळताना आकसतं आणि जो ताण बसेल तो कायमचा. त्यानंतर सूर बदलतो तो फक्त हवेमुळे. चवथ भाद्रपदात, म्हणजे ऐन दमट हवेत. चामडं पाणी ओढतं, सैल होतं, थाप ‘भद’ अशी पडते. उपाय एकच, ऊब.

ऊब कशी द्यायची: पूर्वी गवताचा किंवा कागदाचा जाळ, आता पिवळा बल्ब किंवा केस वाळवायचं यंत्र. अंतर असं, की त्या ठिकाणी आपला हात निवांत धरता आला पाहिजे. हाताला चटका बसत असेल तर चामड्यालाही बसतो. घुमट सतत फिरवत राहायचं. एकाच जागी धरलं तर तेवढाच भाग ताणतो, बाजूला सुरकुती येते आणि पुढच्या जोरदार थापेला तिथूनच उलतं. भांड्याच्या मातीवर थेट जाळ नको. एक बाजू तापून दुसरी गार राहिली की केसासारखी भेग जाते, दिसत नाही, पण घुमारा मरतो.

दिलेली ऊब दोन-तीन आरत्या टिकते. मग सूर परत उतरतो. म्हणून जाणते वादक दोन घुमटं ठेवतात, एक हातात आणि एक उबेला. ऐकताना लक्ष द्या: वादक मध्येच वाद्य बदलतो ते याचसाठी. आणि सूर उतरलेल्या घुमटावरही चांगला वादक वाजवून नेतो, थाप मध्यावरून थोडी काठाकडे सरकवतो म्हणजे टोक (बोटांचा स्पष्ट आघात) शिल्लक राहतं. ही तडजोड ओळखता आली की त्या माणसाबद्दल आदर वाढतो.

भांडं विकत घ्यायचं असेल तर उन्हाळ्यातच. पावसात कच्चं भांडं वाळत नाही, भट्टी लागत नाही, कुंभार थांबतात. डिचोलीची कुंभारकामाची ख्याती जुनी आहे, तिथून चौकशी सुरू करा. घेताना चामडं लावण्याआधीचं भांडं घ्या आणि बोटाच्या पेराने चारी बाजूंनी वाजवून बघा. खणखणीत आलं तर ठीक, एका जागी बद्द आलं तर भेग आहे किंवा भाजणी कच्ची आहे. काठावर बोट फिरवा. तो एका पातळीत नसेल तर चामडं कधीच सारखं बसणार नाही. शेवटची पारख लहान तोंडाची: आपला तळवा त्यावर ठेवल्यावर कुठूनही हवा निसटता कामा नये. तोंड तळव्यापेक्षा मोठं असेल तर डाव्या हाताचं सगळं काम वाया.

मढवून झाल्यावर सावलीतच वाळवायचं. उन्हात ठेवलं तर कडा आधी वाळतात, मधला भाग नंतर ओढला जातो आणि ताण विषम बसतो. पूर्ण वाळेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, थाप मारायची नाही.

---

कातळशिल्प

आणि घोरपडीचं चामडं? जुने लोक म्हणतात त्याचा आवाज वेगळाच.

---

मातीचो_गोळो

वेगळा असतो. घोरपडीचं चामडं पातळ आणि चिवट, दमट हवेत बकऱ्याच्या मानाने कमी उतरतं, बोटाचा आघात लख्ख येतो. पण घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, चामडं विकणं, विकत घेणं, सगळाच गुन्हा, तुरुंगवासाची शिक्षा आहे. कुणी ‘जुनं अस्सल’ म्हणून देऊ केलं तर घेऊ नका आणि वादकांकडे हौसेने विचारणाही करू नका. मागणी दिसली की जंगलात फासे लागतात.

आज जे ऐकाल ते बकऱ्याच्या चामड्याचं, आणि त्यावर उत्तम वादन होतं. फरक भरून काढायला चामडं निवडताना पोटाकडचा भाग टाळतात, कारण तो एकसारखा जाड नसतो. पाठीकडचं, पातळ आणि सगळीकडे सारखं चामडं घेतलं की टोक चांगलं येतं. जाड चामडं लावलं तर मोठा आवाज येतो पण बोटं ऐकू येत नाहीत, आणि नवशिके नेमके त्या मोठ्या आवाजाला भुलतात.

---

साखळी_ध्वनी

मंचावरच्या घुमटाबद्दल लिहितो. कला अकादमी, मडगावचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर, कुठेही ऐकायला गेलात आणि घुमट ‘ढब ढब’ वाजलं, तर दोष बहुतेक वेळा वादकाचा नसून माईकचा असतो. आयोजकांनी हे वाचावं म्हणून तपशिलाने.

घुमटाला आवाजाच्या दोन वाटा आहेत. चामड्याकडून बोटांचं टोक येतं, लहान तोंडातून घुमारा येतो. एकच माईक असेल आणि तो लहान तोंडासमोर लावला तर नुसता घुमारा, शिवाय डावा तळवा सतत त्याच्यासमोर असल्यामुळे फटफट येते. फक्त चामड्यासमोर लावला तर वळण हरवतं. एकाच माईकवर भागवायचं असेल तर तो वादकाच्या डाव्या अंगाने, दीड-दोन वीत अंतरावर, लहान तोंडाच्या काठाकडे तिरका रोखून ठेवा. थेट तोंडात नाही.

दोन माईक असतील तर एक चामड्याकडे, एक लहान तोंडाकडे. इथे हमखास चूक होते. थाप पडली की चामडं आत जातं आणि त्याच क्षणी हवा लहान तोंडातून बाहेर येते. म्हणजे दोन माईकना एकमेकांच्या उलट धक्का मिळतो. दोन्ही तसेच मिसळले की खर्ज एकमेकाला खाऊन टाकतो आणि घुमट पत्र्यासारखं वाजतं. मग ध्वनीवाला खर्ज वाढवतो, सभागृह घुमू लागतं, तरी घुमटाचा गाभा येत नाही. उपाय: मिक्सरवर एका माईकची ध्रुवता (पोलॅरिटी) उलटी करा, कळ एकदा इकडे एकदा तिकडे करून बघा, जिथे आवाज भरदार वाटेल तिथे ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे.

६० ते ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. तिथे घुमटाचं काही नसतं, पाटाच्या मंचाची थरथर आणि पायांचे आवाज असतात. इको अजिबात नको. गायकाला हवा असेल तर फक्त गायकाला. घुमट स्वतःच घुमार देणारं वाद्य आहे, त्यावर इको घातला की डाव्या हाताचं सगळं वळण पुसलं जातं.

कासाळ्यांना माईक लावू नका, कितीही मोठं सभागृह असो. ते बाकी सगळ्यांच्या माईकमधून येतंच. कासाळेंवाल्याला घुमटांपासून निदान दोन मीटर दूर, बाजूला किंवा मागे उभं करा. शामेळाला वरून एक माईक, वीतभर अंतरावर, काठ्यांच्या वाटेत येणार नाही असा. घुमटवाल्यांना मंचावर स्वतःचा आवाज ऐकू येईल असं स्पीकर ठेवा पण कमी आवाजात. ते मोठं केलं तर लहान तोंडातून तोच आवाज आत जाऊन शिट्टी वाजते.

आणि आवाज तपासणी वाद्यं उबेला ठेवून झाल्यावरच घ्या. गार घुमटावर सगळं बसवलं आणि मग वादक तापवून घेऊन आला तर सगळी गणितं बदलतात. वातानुकूलित सभागृहात हवा कोरडी असते, तिथे सूर चढतो. त्यासाठी वाद्यं निदान अर्धा तास आधी आत आणा.

---

मांडवीकाठ

साखळी_ध्वनी, हा प्रतिसाद प्रत्येक आयोजकाला वाचायला द्यावा असा आहे. देव बरें करूं.

---

थाप_आणि_घुमार

मंचाचा विषय निघालाच आहे तर स्पर्धांबद्दल माझं स्पष्ट मत नोंदवतो. घुमट आरती स्पर्धेत वेळेचं बंधन असतं. त्यामुळे संथ लय आखडते. जी कडवी सावकाश फिरायला हवीत ती उरकली जातात आणि मंडळं पटकन दुगणीत शिरतात, कारण टाळ्या तिथे मिळतात. सगळ्यांचा पोशाख एकसारखा, हातवारे एकसारखे. गावागणिक असलेला वाजवण्याचा फरक यात घासून जातो. ज्याला वादक ऐकायचा आहे त्याने स्पर्धेवर विसंबू नये.

---

डिचोलीकार

अर्धं पटतं. दुसरी बाजू बघा. कला अकादमीच्या स्पर्धेत महिलांचा आणि मुलांचा वेगळा विभाग असतो. ज्या वाड्यांत पूर्वी बायका फक्त सुरात सूर मिळवायच्या, तिथे आज त्यांची स्वतःची मंडळं आहेत, घुमट गळ्यात अडकवून त्या उभ्या राहतात. हे स्पर्धेच्या निमित्ताने पुष्कळ वाढलं. मुलांनाही वर्षभर सराव करायला कारण मिळतं, नाहीतर वाद्य एका चवथीपासून दुसऱ्या चवथीपर्यंत माळ्यावर. बाहेरून आलेल्याला एका दिवसात पाच-दहा गावांची मंडळं एकापाठोपाठ ऐकायला मिळतात, हे घरोघरी फिरून शक्य नाही. तुलना करायला शिकायचं असेल तर स्पर्धा उत्तम.

---

थाप_आणि_घुमार

महिला आणि मुलांच्या विभागाबद्दल पूर्ण मान्य. मग असं करावं: स्पर्धेत ऐकून मंडळ निवडावं, आणि त्याच मंडळाला त्यांच्या गावी, त्यांच्या वेळेत ऐकायला जावं. दोन्हींतला फरक संथ भागात लगेच कळेल.

---

साष्टीचें_वायोलिन

आतापर्यंत सगळं आरती आणि सुवारीवर आलं. मांडो विसरू नका. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत, कुडतरी-लोटली-राय या भागांत, ख्रिस्ती घरांच्या सालांत (दिवाणखान्यांत) वाढलेलं गाणं, साथीला व्हायोलिन आणि घुमट. इथे घुमटाचं काम अगदी उलट आहे: मागे राहायचं. मांडो सहा मात्रांचा, संथ, दोन रांगांत समोरासमोर नाचतात. घुमट पहिली मात्रा खोल देतं आणि बाकी ठिकाणी जवळजवळ बोटांच्या टोकांनीच. एक थाप जास्त पडली तर व्हायोलिनचा लांब स्वर तुटतो. आरती गाजवणारा वादक मांड्यात बसवला तर सुरुवातीला त्याला हात आवरणं जड जातं.

मांडो संपून दुलपद (त्याला जोडून येणारं जलद गाणं) लागतं तेव्हा लय उसळते आणि घुमट मोकळं होतं. तो सांधा ऐकण्यासारखा असतो. व्हायोलिन शेवटचा स्वर सोडतं आणि घुमट दोन-तीन थापांत नवीन चाल दाखवून देतं. तिथे कोणी टाळ्या वाजवल्या तर ते निसटतं. मांडो महोत्सवात ऐकाल तर पुढच्या रांगेत, घुमटाच्या बाजूला जागा धरा. मंचावर गायकवृंद मोठा असतो, एकटं घुमट मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही.

---

सह्याद्रीचा_पाऊस

आमच्या संस्थेला डिसेंबरात पुण्यात एक मंडळ बोलवायचं आहे. किती माणसं धरावीत, आणि मातीची वाद्यं सुखरूप येतील का?

---

मातीचो_गोळो

दहा-बारा माणसं धरा: चार घुमटं, एक शामेळ, एक किंवा दोन कासाळ्यांच्या जोड्या, बाकी गायक. यापेक्षा कमी केलं तर सुवारीचा भरणा येत नाही. वाद्यं आणा किमान सहा घुमटं. प्रवासात एक जाणार हे गृहीत धरावंच लागतं.

बांधणी: प्रत्येक घुमटाला स्वतंत्र खोका, भांड्यापेक्षा चार बोटं मोठा. तळाशी कापडाची चुंबळ, त्यावर भांडं आडवं. आत गच्च काही कोंबू नका, आतून चामड्यावर दाब आला की ते ढिलं पडतं. चामड्यावर पुठ्ठ्याची तबकडी, भोवती जुनी गोधडी. खोक्यावर खोका ठेवायचा नाही. बसच्या मागच्या डिकीत तर कधीच नाही, तिथे उष्णता आणि धक्के दोन्ही. रेल्वेने माणसांबरोबर, सीटखाली.

पुण्याच्या थंडीत मोठा धोका वेगळा आहे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बांधलेलं चामडं तुमच्या कोरड्या हवेत आकसतं, सूर चढतो, आणि रात्री गच्चीवरच्या कार्यक्रमात आधीच ताणलेल्या चामड्याला थाप पडली की ते फाटतं. तिथे उबेची नव्हे, ओलाव्याची गरज. कापड भिजवून घट्ट पिळायचं आणि चामड्यावर एक हात हलकेच फिरवायचा, मग दहा मिनिटं थांबून वाजवून बघायचं. पाणी शिंपडायचं नाही. आदल्या दिवशी पोचलात तर वाद्यांना हवा ओळखायला रात्र मिळते. त्यामुळे मुक्कामाची सोय आदल्या दिवसापासून करा.

---

मांडवीकाठ

पैशांचं बोलणं आधी आणि माणशी करा. ही माणसं शेतावर, कारखान्यात, कचेरीत काम करतात, रजा टाकून येतात. दोन दिवसांच्या प्रवासाची भरपाई, जेवण, मुक्काम, आणि फुटलेल्या वाद्याचा खर्च कोण देणार, हे कागदावर असावं. रक्कम एकाच्या हाती द्यायची असेल तर वाटणी कशी ते मंडळासमोर बोलून ठरवा.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, हे वेळापत्रकात धरा. सुवारीला निदान चाळीस मिनिटं सलग द्या. आधी भाषणं लांबली आणि शेवटी वीस मिनिटं उरली, तर मंडळाला थेट दुगणीत शिरावं लागतं. मग प्रेक्षकांना वाटतं की घुमट म्हणजे नुसता गोंगाट.

---

कातळशिल्प

मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं की घुमट कधी गायब, कधी एकदम मोठं. काही उपाय?

---

साखळी_ध्वनी

मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो. कासाळें वाजलं की तो सगळं खाली ओढतो आणि घुमट त्यात जातं. ज्या अॅपमध्ये पातळी हाताने ठरवता येते ते वापरा. सगळ्यात जोराच्या भागावर पातळी लावून घ्या आणि मग हात लावू नका. फोन तीन मीटरवर, छातीच्या उंचीला, कासाळ्यांकडे पाठ करून. जमिनीवर किंवा लाकडी मंचावर ठेवू नका. फ्लॅश नको, वादकाची नजर चुकते.

---

मांडवीकाठ

आणि ते रेकॉर्डिंग कुठे टाकणार असाल तर आधी मंडळाची परवानगी घ्या, मग खाली एवढं लिहा: गाव आणि वाडा, प्रसंग (चवथ, शिगमो, जागर, लग्न), शामेळ कोणाचं, घुमटं कोणाची डावीकडून क्रमाने, कासाळें कोणाचं, ओळ धरणारा कोण. नावं वादकांनाच विचारून, ते लिहितात तशीच. कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांनीही हीच यादी छपाईला जाण्याआधी मागून घ्यावी. मंडळाचे सचिव एका फोनवर देतात.